पाया खोदण्याआधी चार दिवस थांबा



सोयाबीनची रास झाली, पोती विकली गेली की आपल्या लातूर जिल्ह्यात गावोगाव एक चित्र दिसू लागते. रस्त्याच्या कडेला वाळूचा नाही तर क्रश सँडचा ढीग पडतो, विटांची ट्रॉली रिकामी होते आणि जुन्या माळवदाला टिकाव लागतो. "यंदा घराचं काम काढलंय," असे सांगताना माणसाचा चेहरा खुलतो. खुलावाच. ज्याच्या बापाने पावसाळाभर गळतीखाली पातेली मांडली, त्याला पक्क्या घराची ओढ असणारच.

माझे काम शेतीचे. बियाणे, खत, फवारणी यांवर मी बोलतो. मग घरावर का लिहितो, असे तुम्ही विचाराल. कारण साधे आहे. शेतकऱ्याचे घर शेतीपासून वेगळे काढता येत नाही. घरचे बियाणे घरातच राहते, कडबा घरामागे राहतो, दूधदुभते घरात होते. आणि घरासाठी काढलेले कर्ज शेवटी शेतीच्याच उत्पन्नातून फिटते. म्हणून घर बिघडले की शेतीचा हिशेब बिघडतो.

आता बघा, एका एकराचे बियाणे घ्यायचे तर आपण तीन दुकाने हिंडतो. बैल घ्यायचा तर दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो, मग हातरुमालाखाली सौदा करतो. विहिरीसाठी पाणाड्या बोलावतो. आणि ज्या कामात आयुष्याची कमाई घालायची, त्या घराचा आराखडा कसा ठरतो? मिस्त्री येतो, जागा पावलांनी मोजतो, "दोन खोल्या पुढं, किचन मागं, बाजूनं जिना" असे म्हणतो आणि चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघा मारतो. अर्ध्या तासात पुढच्या पन्नास वर्षांचा निकाल लागतो.

माझे म्हणणे एवढेच की, ही फक्की मारण्याआधी चार दिवस थांबा. तालुक्याच्या नाही तर जिल्ह्याच्या गावी दोन-तीन जणांचे छोटे ऑफिस चालवणारे वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट, आता सापडतात. त्यांच्याकडे जा, रीतसर फी द्या, आणि आपल्या उन्हाला, आपल्या जमिनीला, आपल्या धंद्याला जुळेल असे घर कागदावर आधी उभे करून घ्या. "हे शहरातल्या बंगलेवाल्यांचे चोचले," असे वाटत असेल तर पुढचे जरा शांतपणे वाचा.

स्लॅबखालचे बियाणे

सोयाबीनचे घरचे बियाणे राखा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. पण या बियाण्याचे टरफल फार नाजूक. साठवताना ओल १० ते १२ टक्क्यांच्या वर नको, पोत्यांची थप्पी चार-पाचच्या वर नको, जागा कोरडी आणि थंड हवी. एवढे सांभाळले तर जूनमध्ये ७० टक्क्यांच्या वर उगवण मिळण्याची आशा.

आता आपल्या नव्या घरात ही पोती कुठे ठेवतात? पश्चिमेच्या खोलीत, नाही तर जिन्याखाली, बहुतेक वेळा थेट फरशीवर. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. तव्याला लावल्यासारखा चटका बसतो. तिथे महिनाभर राहिलेले बियाणे उगवले नाही की दोष कुणाला? आपण म्हणतो, वाणच खराब. कधी वाण खराब असतोही. पण कधी कधी खोलीच खराब असते, आणि ती खोली आपणच पैसे मोजून बांधलेली असते.

जुन्या वाड्यात धान्याची खोली आत, अंधारी, जाड भिंतींची का होती, हे आता कळते. कणगी, बळद, पेव यांच्या जागा कुणीतरी विचार करून ठरवल्या होत्या. तो विचार पिढ्यान्‌पिढ्यांचा होता म्हणून त्याला फी पडत नव्हती, इतकेच. आता बांधण्याची पद्धत बदलली, सामान बदलले. म्हणून विचारही नव्याने करावा लागतो, आणि जो तो करून देतो त्याला मोबदला द्यावा लागतो.

उन्हाचे गणित

काँक्रीटचा पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली सोडतो. म्हणून मे महिन्यात रात्री अकरा वाजता बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवा फिरवत असतो. मग कूलर येतो. कूलरला पाणी लागते. पाणी टँकरचे. २०१६ साली आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरण्यासारखे आहे काय?

याचा अर्थ स्लॅब टाकूच नका, असे मी म्हणत नाही. स्लॅबवर कुरडया-पापड वाळतात, डाळ वाळते, उन्हाळ्यात अंथरूण पडते. मुलीचे स्थळ बघायला आलेला पाहुणाही आधी मान वर करून पत्रा आहे का स्लॅब, हे बघतो. ही गोष्ट हसण्यावारी नेऊन चालत नाही. पण स्लॅब टाकायचाच तर तो उन्हापासून राखण्याचे उपाय आहेत. वर चुन्याचा पांढरा हात दरवर्षी मार्चमध्ये दिला तरी आतला फरक अंगाला जाणवतो. चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी केली तर तो फरक वर्षानुवर्षे टिकतो.

याहून मोठा फरक पडतो तो घराच्या तोंडाने आणि खोल्यांच्या जागेने. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त छळते ती पश्चिमेची भिंत. त्या बाजूला झोपण्याची खोली ठेवण्याऐवजी न्हाणी, जिना, सरपणाची पडवी ठेवली तर ती उन्हाची ढाल होते. बियाण्याची खोली उत्तरेला घ्यावी. पूर्वेला ओसरी काढली तर दुपारनंतर तिथे सावली. एक खिडकी असलेल्या खोलीत वारा येत नाही, कारण त्याला बाहेर जायला वाट नसते. समोरासमोर दोन झरोके ठेवले तर पंख्याविना हवा खेळते. अंगणातला पश्चिमेचा कडुनिंब बांधकामाला आडवा येतो म्हणून तोडू नका. त्याच्यासाठी घर दोन फूट सरकवा. हे सारे बिनखर्चाचे आहे. फक्त फक्की मारण्याआधी करावे लागते. नंतर घर फिरवता येत नाही.

आणि एक गंमत सांगतो. घराचा दरवाजा कुठे ठेवायचा, हे विचारायला वास्तुशास्त्र बघणाऱ्याला आपण आनंदाने दक्षिणा देतो. द्यावी, ज्याची त्याची श्रद्धा. पण ऊन कुठून येते आणि वारा कुठून, हे सांगणाऱ्याने फी मागितली की आपल्या कपाळाला आठ्या पडतात!

काळी जमीन आणि पाया

आपली भारी काळी जमीन पिकाला सोन्यासारखी, पण घराला वैऱ्यासारखी. पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगांत हात जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीच उलथापालथ घराखालीही चालते. दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, फरशी पोट काढते, दार चौकटीत अडकते. मग मिस्त्री सिमेंट भरून देतो. पुढच्या वर्षी चीर पुन्हा तिथेच.

यावर ठोकताळा नाही. मुरूम किती खोलवर लागतो, यावर सगळे अवलंबून. मुरूम जवळ असेल तर तिथपर्यंत खोदावे. फार खोल असेल तर बुडाशी फुगवटा असलेले खांब जमिनीत भरण्याची पद्धत आहे. तिला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात आणि रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तिच्यावर मोठे काम केले आहे. काहीही केले तरी घराभोवती पाणी मुरू न देणारा फरशीचा पट्टा हवाच, आणि न्हाणीचे पाणी पायापासून दूर परसबागेत नेले पाहिजे. शेतात माती तपासल्याशिवाय खताची मात्रा सांगता येत नाही, तसेच खड्डा घेऊन बघितल्याशिवाय पायाची खोली सांगता येत नाही. जो बघितल्याशिवाय सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो मिस्त्री असो की मोठा इंजिनिअर.

किल्लारी विसरून चालणार नाही

अलीकडे शहरातली काही मंडळी मातीच्या घरांचे फार गोडवे गातात. माती थंड, माती स्वस्त, माती निसर्गाची. यातले बरेच खरे आहे. पण आपल्या जिल्ह्यात हे बोलताना जीभ सांभाळावी लागते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि किल्लारी-सास्तूर भागात साडेसात हजारांहून जास्त माणसे गेली. माझ्या पिढीने हे घरच्यांच्या तोंडूनच ऐकले. पण ऐकताना सांगणाऱ्याचा आवाज कसा बदलतो, ते आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे.

ती माणसे मातीने मेली काय? नीट समजून घ्यावे लागेल. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, पण आत-बाहेर दोन वेगळे थर आणि मध्ये नुसती भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. चारही भिंतींना कवेत घेणारा आडवा पट्टा नाही. वर माळवदाची फूट-दीड फूट माती, तीही दरवर्षी थोडी थोडी वाढत गेलेली. धक्क्याने भिंती फुगल्या, फाटल्या आणि तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. दोष मातीपेक्षा न बांधलेल्या भिंतीचा आणि डोक्यावरच्या ओझ्याचा होता.

म्हणूनच भूकंपानंतर जी घरे नव्याने न बांधता सुधारली, त्यांत आरपार दगड घालणे, भिंतींना पट्टा बांधणे, माळवदाचे वजन उतरवणे हीच कामे सांगितली गेली. तेव्हा हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. २००२ साली नकाशा बदलला तेव्हा तो तिसऱ्या पट्ट्यात आला. याचा धडा असा की दगड, विटा, माती, काँक्रीट काहीही वापरा, पण जोत्यावर, खिडकी-दाराच्या वर आणि छताखाली सलग पट्टा हवा, कोपरे एकमेकांत गुंतलेले हवेत. आणि कॉलम आहेत म्हणून घर मजबूत, असेही समजू नका. कॉलमच्या रिंगा विरळ, काँक्रीटमध्ये पाणी जास्त, चार दिवसही पाणी न मारलेले, असे कॉलम नुसते दिसायला उभे असतात.

दुसरी गोष्ट किल्लारीने शिकवली, तिची चर्चा कमी होते. ५२ गावे उठवून नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, सारख्या ओळी, सारखी घरे. देणाऱ्यांचे हात मोठे होते, त्यांचे उपकार आहेत. पण पुष्कळ ठिकाणी गोठा कुठे, कडबा कुठे, बायकांनी उन्हाचे टेकायचे कुठे, हे घर राखण्याच्या घाईत मागे पडले आणि लोकांनी नंतर पुढे-मागे पत्रे ठोकून आपली सोय आपण केली. राहणाऱ्याला न विचारता काढलेला नकाशा कितीही पक्का असला तरी अपुरा पडतो. हे सरकारी नकाशाला लागू आहे, तसे मिस्त्रीच्या नकाशालाही, आणि आर्किटेक्टच्या नकाशालाही.

विटांतून जाणारी जमीन

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो, म्हणजे मातीकडे. चांगल्या भाजलेल्या गावठी विटेचे वजन साधारण तीन किलो धरा. २० हजार विटा लागणारे घर धरले तर झाली ६० टन माती. एका एकरातला वरचा सहा इंचांचा थर अंदाजे ९०० टन भरतो. म्हणजे एका घराला अडीच-तीन गुंठ्यांचा वरचा थर लागला. हाच तो थर, ज्यात शेणखत मुरले, ज्यात गांडूळ राहते, जो तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. भट्टीवाल्याला माती विकून आलेले पैसे वर्षात संपतात, शेत मात्र उघडे पडते.

पर्याय आहेत. परळीच्या औष्णिक केंद्राची राख आपल्यापासून लांब नाही. राखेच्या विटा आता सगळीकडे मिळतात, फक्त कारखाना बघून, वीट पाण्यात भिजवून, आपटून घ्या. विटा कमी लावण्याचीही युक्ती आहे. त्या आडव्या न लावता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची. या पद्धतीत नऊ इंची भिंतीला सुमारे २५ टक्के विटा कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन आत येऊ देत नाही. मुरमाड, वाळूमिश्रित माती जवळ असेल तर तीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या, न भाजलेल्या विटा करता येतात. पण आपली काळी माती या कामाची नाही, हे लक्षात ठेवा. कुणी "तुमच्याच रानातल्या मातीच्या विटा पाडू" म्हणाला तर आधी माती दाखवा.

छोटे ऑफिस कशासाठी?

मोठ्या शहरातली मोठी ऑफिसे तुमच्या सातशे-आठशे चौरस फुटांच्या घराला हात लावणार नाहीत, आणि लावला तरी साहेब स्वतः येणार नाहीत. छोट्या ऑफिसात जो नकाशा काढतो तोच मोटारसायकलवरून जागेवर येतो, मिस्त्रीशी बोलतो, सळई मोजतो. अशा कामाचा मोठा आदर्श म्हणजे लॉरी बेकर. जन्माने इंग्रज, १९४५ साली भारतात आले आणि इथलेच झाले. पुढे केरळात तिरुवनंतपुरमला राहून त्यांनी साध्या माणसांसाठी कमी खर्चाची असंख्य घरे बांधली. मोठे ऑफिस थाटले नाही. स्वतः जागेवर उभे राहून गवंड्यांबरोबर काम केले. वर सांगितलेली पोकळ भिंतीची पद्धत त्यांनीच आपल्या देशात रुजवली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ साली ते गेले. तरुणपणी त्यांची गांधीजींशी भेट झाली होती, आणि जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून घर उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर सांगितला. तो विचार उभा राहिलेला पाहायचा तर लांब जायला नको. वर्ध्याजवळ सेवाग्रामला जा. १९३६ पासूनच्या त्या कुट्या माती, बांबू, कौलांच्या आहेत आणि आजही उन्हाळ्यात तिथे बसवते.

म्हणून केरळचे घर उचलून औशाला आणा, असे नाही. तिकडचा पाऊस वेगळा, माती वेगळी. घ्यायची ती रीत. आधी जागा बघायची, माणसे ऐकायची, जवळचे सामान तपासायचे, मग कागदावर रेघ ओढायची.

काम कसे घ्यावे?

पहिली गोष्ट, नकाशा दोन प्रकारचा असतो. एक ग्रामपंचायतीत नाही तर बँकेत लावायचा. तो मिळाला म्हणजे घर ठरले, असे समजू नका. दुसरा कामाचा नकाशा. त्यात पायाची खोली, सळईची जाडी, खिडकीची उंची, नळाची जागा, सगळे असते. फी या दुसऱ्यासाठी द्यायची असते.

समोरचा माणूस खरोखर आर्किटेक्ट आहे का, हे विचारायला लाजू नका. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेत नोंदणी असणाऱ्यालाच ते नाव लावता येते. नोंदणी क्रमांक मागा. चांगला माणूस राग धरत नाही.

त्याने पाच वर्षांपूर्वी बांधलेले घर बघायला जा, आणि जमल्यास मे महिन्यात दुपारी जा. घरातल्या बाईला विचारा, धूर कुठे जातो, पावसाचे आत येते का, दुरुस्तीला वर्षाला किती जाते. फोटोवर जाऊ नका. फोटोत ऊन दिसते, उकाडा दिसत नाही.

पहिल्या बैठकीला घरातल्या बायकांना सोबत न्या. चूल, मोरी, देवघर, पाणी भरणे, पाहुणेरावळे हे सगळे त्यांच्या अंगावर. आणि आपली यादी घेऊन जा. जनावरे किती, पोती किती, ट्रॅक्टर कुठे लागणार, म्हातारी माणसे रात्री कुठे जाणार, पोरगा शिकायला गेला तर पुढे घर वाढवायचे का. खर्चाचा आकडा खरा सांगा. आठ लाख असतील तर आठच सांगा. "बघू, होईल" असे म्हणालात तर नकाशा दहाचा निघतो, आणि वरचे दोन सावकाराकडून येतात.

फी ठोक ठरवा. खर्चावर टक्केवारी ठरली तर खर्च वाचवणाऱ्याचीच फी कमी होते, हे उलटे गणित आहे. कोणकोणते नकाशे देणार, जागेवर किती वेळा येणार, पाया भरताना आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी सळई तपासायला येणार का, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. पैसे टप्प्याने द्या. सिमेंट-फरशीच्या दुकानदाराकडून तो कमिशन घेत नाही ना, हेही तोंडावर विचारा.

मिस्त्रीला बाजूला सारू नका. त्याच्या हातात तीस वर्षांचे काम असते. तो म्हणेल, "आपल्याकडं असं कुणी करत नाही." तेव्हा आर्किटेक्ट, मिस्त्री आणि तुम्ही असे तिघे जागेवर बसा. एक भिंत दोन फूट बांधून बघा. दोघांचे जमले तर घर चांगले होते. दोघांत लावून दिली तर भोगायचे तुम्हालाच आहे.

आणि आज जेवढे लागते तेवढेच बांधा. कित्येक घरांवर वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया वीस-वीस वर्षे गंजत उभ्या आहेत. त्या मजल्याचा पाया आणि कॉलम आधीच घातले, पोरे मात्र पुण्याला गेली. वाढवायचे असेल तर बाजूला वाढवता येईल असा नकाशा मागा. त्यापेक्षा त्या पैशात पाण्याची टाकी करा. हजार चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पावसात ६५ हजार लिटर पाणी पडते, वाया गेलेले सोडले तरी ५० हजार हाती लागते. त्यातले फक्त दहा हजार लिटर झाकून साठवले आणि पिण्या-स्वयंपाकाला रोज ५० लिटर काढले, तर २०० दिवस जातात. म्हणजे दिवाळीपासून ऐन मे महिन्यापर्यंत घरातली बाई हंडा घेऊन टँकरमागे धावणार नाही.

थोडे त्यांनाही

या छोट्या ऑफिसवाल्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. त्यांच्यातल्या काहींना शेतकऱ्याच्या घरात आपली हौस भागवायची असते. शहरातला माणूस सुट्टीला येण्यासाठी मातीचे घर बांधतो, त्याची डागडुजी पगारी माणूस करतो. शेतकऱ्याच्या घरी सारवण कोण करणार? घरातली बाई. दिवसभर खुरपून आल्यावर. मातीचा गिलावा सुचवताना तिला विचारले का? चुन्याचे काम सुचवले, पण तालुक्यात चुना मळणारा गवंडी उरला आहे का? नवी पद्धत करून बघायची असेल तर गरिबाच्या पैशावर नको. जे टिकलेले आहे, जे इथला मिस्त्री दुरुस्त करू शकतो, तेच सुचवा. आणि कागदावरची भाषा मराठी ठेवा. फुटात मापे लिहा. नकाशा वाचता आला तरच शेतकरी तो सांभाळून ठेवील.

पंचायत समितीने काय करावे?

प्रधानमंत्री आवास योजनेत, म्हणजे ग्रामीण घरकुलात, २०१६ पासून सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि निदान २५ चौरस मीटरचे घर बांधावे लागते. एवढ्या पैशात आर्किटेक्टची फी कुठून देणार? बरोबर आहे. याच योजनेत गवंड्यांना प्रशिक्षण देण्याची सोय आहे, आणि वेगवेगळ्या भागांना जुळणाऱ्या घरांचे नमुनेही केंद्राने 'पहल' नावाने तयार करून ठेवले आहेत. पण नमुना पुस्तकात आणि लाभार्थी रांगेत, अशी गत आहे. हप्ता कधी पडणार, याची चौकशी रोज होते, घराचे तोंड कुठे करावे, याची एकदाही होत नाही.

आम्ही जसे मृगाआधी गावात उगवण तपासणीचे कार्यक्रम घेतो, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून दाखवतो, तसा दिवाळीनंतर प्रत्येक मंडळात एक दिवस घरबांधणी सल्ल्याचा ठेवायला काय हरकत आहे? जिल्ह्यातल्या दोन-चार छोट्या ऑफिसांना ठोक मानधन द्यावे. त्यांनी त्या दिवशी पंधरा-वीस घरकुलांच्या जागा बघाव्यात, तोंड, पाया, पट्टा आणि पाण्याची वाट एवढे चारच मुद्दे प्रत्येकाला कागदावर लिहून द्यावेत. मोठा खर्च नाही. एका गावाला उन्हाळ्यात लागणाऱ्या टँकरांच्या मानाने तर काहीच नाही. ग्रामसभेत हा ठराव कुणीतरी मांडावा, अशी माझी विनंती आहे.

तोपर्यंत ज्यांचे काम यंदा निघाले आहे त्यांनी एवढे करावे. वाळू पडली असली तरी घाई करू नका. जागेवर एक खड्डा घ्या आणि मुरूम किती खोल आहे ते बघा. दिवसातून तीन वेळा जागेवर उभे राहून ऊन कुठून येते ते बघा. घरच्या बायकांना विचारून यादी करा. मग ती यादी घेऊन तालुक्याला जा. पेरणीला चार दिवस उशीर झाला तर हंगाम हातचा जातो, म्हणून आपण घाई करतो. घराला तसला हंगाम नाही. चार दिवस थांबल्याने काही बिघडत नाही, आणि न थांबल्याने जे बिघडते ते नातवंडांपर्यंत पुरते.